गोड न खाणारी बाई

आईला मधुमेह झाला तेव्हा गोळ्यांच्या आधी टोमणे सुरू झाले. कात्रजला आमच्या सोसायटीजवळ एक डॉक्टर होते. निदान पक्कं आणि जीभ तिखट. आईचा रिपोर्ट हातात धरून ते म्हणाले, "आजी, साखर आकाशातून पडत नाही. तोंडातूनच जाते." आई तेव्हा कुणाची आजी नव्हती, पन्नाशीही गाठली नव्हती. ती नुसती "हो" म्हणाली आणि बाहेर येऊन चपला घालताना मला म्हणाली, "मी तर चहासुद्धा कमी साखरेचा घेते गं."

हे अगदी खरं होतं. आईला गोडाची आवड कधीच नव्हती. माहेर विदर्भातलं, तिखटावर वाढलेली. वडिलांच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे ती पुण्यात आली आणि इथल्या गूळ घातलेल्या आमटीला जन्मभर नाकं मुरडत राहिली. सणावाराला श्रीखंड आणायची ते आमच्यासाठी. स्वतः एखादा चमचा घ्यायची, तोही नैवेद्याचा म्हणून. निदान झाल्यावर तिने साखर सोडली, भात सोडला, बटाटा, आंबा, केळं सोडलं. सोडलं म्हणजे सोडलं. वडील गेल्यावर घरात आम्ही दोघीच होतो, त्यामुळे लपवाछपवीला जागाही नव्हती.

तरी साखर उतरेना. डोस वाढवला की थोडे दिवस खाली यायची, पुन्हा वर जायची. प्रत्येक तपासणीला डॉक्टर चष्म्यावरून बघत विचारायचे, "खरं सांगा, काय खाल्लंत?" आई म्हणायची, "काही नाही." मग ते माझ्याकडे बघून हसायचे. लग्नाकार्यात आत्या तिच्या ताटावर लक्ष ठेवून असायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात "वहिनी, जिलबी नको हं तुम्हाला" असं सांगायची. आईने जिलबीकडे पाहिलेलंही नसायचं. मला आत्याचा आणि डॉक्टरांचा इतका संताप यायचा की माझंच जेवण जायचं नाही.

पुढे आमच्याच सोसायटीतली आयटीतली मुलं त्याच डॉक्टरांकडे साखर घेऊन जाऊ लागली. तिशीतली, जाडजूड पगाराची, रात्रभर अमेरिकेशी बोलणारी. त्यांना डॉक्टर म्हणायचे, "टेन्शन कमी करा." त्यांची साखर टेन्शनने आलेली आणि आईची तोंडाने. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी रोज घरात बघत होते. फक्त चोर कोण, ते मलाही सांगता येत नव्हतं.

ते शोधणं हेच माझं काम होतं, किंवा निदान तसं मला वाटत होतं. शहरातल्या एका प्रयोगशाळेत मी विषशास्त्रात संशोधन करत होते. सोसायटीत कुणाला सांगितलं की लोकांना जवळचं सर्पोद्यान आठवायचं आणि ते विचारायचे, नाग हाताळता का. आमचं विष त्यामानाने अगदीच मिळमिळीत होतं. शरीरातल्या ग्रंथी रक्तातून निरोप पाठवत असतात: साखर आत घे, चरबी साठव, भूक लागली, आता पुरे. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जी द्रव्यं घालतात, त्यांतली काही या निरोपांत लुडबुड करतात, असं उंदरांमध्ये दिसत होतं. उंदीर तेवढंच खात, तरी सुटत. त्यांची साखर चढे. माणसांत असंच होतं का, हे कुणालाच धड माहीत नव्हतं.

तेव्हा पुण्यात रोज काहीतरी नवीन उघडत होतं. हिंजवडीला काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, मांजरी गावाकडे उसाच्या फडांशेजारी फ्लॅटच्या जाहिराती लागल्या होत्या. घराघरात पाण्याचे जार, हॉटेलातून पातळ पिशवीत बांधून आणलेली गरम भाजी, फ्रिजमध्ये डब्यांवर डबे. बाजार उघडला म्हणूनच आमच्याकडे नमुने तपासणारं परदेशी यंत्र येऊ शकलं, आणि त्याच उघड्या बाजारातून घरात शिरलेलं प्लास्टिक आम्ही त्या यंत्रावर शोधत होतो. यातली गंमत आमच्या सरांना फार आवडायची.

सर निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे आणि जेवढं बोलतील तेवढं लागेल असं बोलणारे होते. प्रयोगशाळेत प्लास्टिकला बंदी होती, कारण शोधायचं तेच जर टेबलावरून नमुन्यात पडलं तर सगळंच फुकट. काचेच्या बाटल्या आम्लाने धुवायच्या, भट्टीत तापवायच्या, बुचाला आतून अ‍ॅल्युमिनियमचा कागद लावायचा. बऱ्याच क्रीममध्येही तीच द्रव्यं असतात, म्हणून सर सकाळी दारात उभे राहून आमचे हात बघायचे. "क्रीम लावलंय? मग आज यंत्राला हात लावू नका. आज कारकुनी करा."

एकदा मेथी निवडताना मी आईला हे सगळं सांगितलं. रोज विचारायची, आज काय केलंस, म्हणून सांगितलं, बाकी काही मनात नव्हतं. तिचे हात थांबले.

"म्हणजे न खाताही साखर होऊ शकते?"

"शक्यता आहे. अजून सिद्ध व्हायचंय."

"पण होऊ शकते."

मी तिला समजावलं की असं संशोधन पुष्कळ लोकांबद्दल मिळून बोलतं, एकट्या माणसाला ते काही सांगत नाही. उद्या सिद्ध झालं तरी तुझी साखर कशामुळे हे कुणी सांगू शकणार नाही. तिने मान डोलावली, पण ऐकलं नाही. तिला हवं होतं तेवढं तिने उचललं होतं. मेथीच्या काड्या बाजूला सारत ती म्हणाली, "ते छापून आलं की मला सांग. मी जाऊन त्या डॉक्टरांना सांगणार आहे, माझं तोंड नव्हतं म्हणून." तिचा चेहरा इतका मोकळा झाला होता की मला पुढे बोलवेना. त्या दिवसापासून माझं काम तिचा खटला झाला, आणि मी तिची वकील.

सरांनी अभ्यास आखला तेव्हा आम्हाला मधुमेह असलेल्या आणि नसलेल्या बायका हव्या होत्या, साधारण एकाच वयाच्या, एकेका वस्तीतून निवडलेल्या. इतर वस्त्यांतल्या सहकाऱ्यांनी गाठल्या, आमच्या सोसायटीतल्या आईने दिल्या. सोसायटीचं भजनी मंडळ तिच्या हाताखालचं होतं. तिने एकेकीला गाठून समजावलं, लाजणाऱ्यांना दटावलं, नवऱ्यांनी फाटे फोडले तर त्यांनाही गप्प केलं. मी घरोघरी जाऊन बाटल्या दिल्या आणि सांगितलं: सकाळची पहिली लघवी, थेट या बाटलीत, बूच लावून ठेवा, मी येऊन नेते. बायका एकमेकींकडे बघून हसल्या आणि सगळं समजल्याच्या माना हलवल्या.

सकाळी साडेआठच्या सुमाराला मी कापडी पिशव्या घेऊन जिने चढायचे. प्रत्येक दारात बाटली तयार असायची. कोरडी, लख्ख पुसलेली, कुणी तर जुन्या साडीच्या धुतलेल्या फडक्यात गुंडाळून दिलेली. बाहेरून एक थेंब नाही. इतर वस्त्यांतून येणाऱ्या बाटल्या उचलताना आम्ही नाक दाबायचो. सर म्हणाले, "तुमच्या आईची सोसायटी फार शिस्तीची दिसते. एवढी स्वच्छता माझ्या विद्यार्थ्यांतही नाही." मी ते आईला जसंच्या तसं सांगितलं. संध्याकाळी भजनाला जाताना तिने ठेवणीतली साडी नेसली.

ते वर्ष तिचं होतं. साखर तशीच होती, पण ती ताठ चालायची. डॉक्टरांनाही तिने ऐकवलं, "माझी मुलगी यावरच काम करते." डॉक्टर म्हणाले, "छान. निकाल लागेपर्यंत रोज चालत जा." ते तिला टोचलं नाही, उलट तीच हसली. त्याच दिवसांत तिच्या उजव्या अंगठ्याला चपलेचा पट्टा लागून जखम झाली आणि ती भरायला फार वेळ घेऊ लागली. आम्ही दोघींनी जखमेकडे द्यावं तेवढं लक्ष दिलं, हळद, मलम, पट्टी सगळं केलं, पण मन दोघींचंही निकालाकडे होतं.

निकाल आले. आमच्या सोसायटीतल्या जवळजवळ प्रत्येक बाटलीत प्लास्टिक मऊ करणारं ते द्रव्य होतं आणि भरपूर होतं. आईच्याही. क्षणभर मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मग लक्षात आलं की मधुमेह नसलेल्या बायकांतही ते तेवढंच होतं, आणि इतर वस्त्यांपेक्षा आमच्याकडे कितीतरी जास्त. सरांनी आलेख समोर धरले आणि ते बराच वेळ बघत बसले.

"हे अख्खं आहे," ते म्हणाले.

त्याचा अर्थ मला कळत होता आणि कळून घ्यायचा नव्हता. हे द्रव्य शरीरातून गेलं की तुटतं. लघवीत येतात ते त्याचे तुकडे. अख्खं सापडलं तर ते पोटातून आलेलंच नाही, वरून पडलेलं आहे. आणि बाटलीत उबेत उभं राहिलं की त्यातलं थोडं आपोआपही तुटतं, म्हणजे तुकड्यांवरही भरवसा ठेवता येत नाही. आम्ही रिकाम्या बाटल्या तपासल्या. स्वच्छ. बुचं तपासली. स्वच्छ. "मग घरात जाऊन बघा," सर म्हणाले.

मी खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेले. भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्या, आईच्या जवळच्या. बाटलीत नमुना नेमका कसा घेत होतात, असं मी विचारलं. त्यांनी अगदी कौतुकाने सांगितलं.

"थेट बाटलीत कसं घेणार गं? बाहेरून ओघळ येतो. तीच बाटली तू हातात धरणार, पिशवीत घालून बसमधून नेणार. बरं दिसतं का ते? तुझ्या आईनेच सगळ्यांना सांगितलं, आधी डब्यात धरा, झाकून ठेवा, ती यायच्या वेळेला अलगद बाटलीत ओता आणि बाटली पुसून द्या. पोरीचे हात खराब व्हायला नकोत म्हणाली. डबेसुद्धा तिनेच दिले सगळ्यांना."

त्या न्हाणीघरात गेल्या आणि बादलीमागून डबा घेऊन आल्या. श्रीखंडाचा प्लास्टिकचा डबा, गरम पाण्याने धुऊन धुऊन मऊ पडलेला, झाकणावरची छपाई पुसट झालेली. आमच्या माळ्यावर असे डबे एकात एक घालून ठेवलेले होते. आई कुठलाच डबा टाकत नसे.

"स्टीलचं एखादं भांडं का नाही घेतलंत?" मी विचारलं.

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू प्रयोगशाळेत जाऊन माझ्या डोक्यावर परिणाम झाला होता. "स्वयंपाकघरातलं?"

मीही त्याच घरांतली. पितळेचं, स्टीलचं, काचेचं भांडं कुठलीही बाई त्या कामाला लावणार नाही, आणि प्लास्टिकला विटाळ नाही. ज्या घरात त्या कामाची सोय प्लास्टिकच्या डब्याशिवाय कशातच होऊ शकत नव्हती, तिथे आम्ही प्लास्टिक मोजायला गेलो होतो. मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो काढायला माणूस सापडेना म्हणून आणखी राग आला. काकूंनी चहा केला. मी तो उभ्यानेच प्यायले आणि यामुळेच काही बिघडलं असावं, एवढं सांगून डबा मागून घेतला.

प्रयोगशाळेत आम्ही त्या डब्यात नुसतं शुद्ध पाणी ओतलं, सकाळभर झाकून ठेवलं आणि यंत्रावर चढवलं. तेच द्रव्य, अख्खं. सरांनी आलेख टेबलावर ठेवला. "करायला गेलो गणपती आणि झाला मारुती," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "भांडं आपण द्यायला हवं होतं. मी बाटली ठरवली, बाई बाटलीत कशी घेईल याचा विचार केला नाही. आता सगळे नमुने टाका." इतर वस्त्यांतले थोडे नमुने उरत होते, पण त्यावर काही उभं राहण्यासारखं नव्हतं. मी ते सगळे ओतून दिले. बाटल्या पुन्हा आम्लाने धुतल्या, तापवल्या आणि कपाटात लावल्या.

पुन्हा करू, असं मी म्हणत राहिले. पुढच्या वर्षी सर निवृत्त झाले. नव्या साहेबांना संगणकावर होणारं संशोधन हवं होतं. शहरात सगळीकडे तेच चाललं होतं आणि त्याला वासही येत नव्हता. मी नव्याने अर्ज लिहिला, त्यात प्रत्येक बाईला स्टीलचं भांडं देण्याची सोयही लिहिली. त्याला उत्तर आलं नाही. मला दुसऱ्या विभागात पाण्याचे नमुने तपासायला बसवलं. मनातून मला हेही ठाऊक होतं की पुन्हा करायची संधी मिळाली असती तरी आता पुण्यात जिच्या घरी हे द्रव्य नाही अशी बाई मिळणार नव्हती, आणि मिळाली असती तरी आईला हवं होतं ते उत्तर त्यातून निघणार नव्हतं.

आईला मी काही सांगितलं नाही. उशीर होतोय, यंत्र बिघडलंय, असं सांगत राहिले. सांगितलं काकूंनी, पेटी वाजवता वाजवता, सहज. तुमच्या लेकीने डबा नेला होता हो, त्याच्यामुळेच काहीतरी बिघडलं म्हणे. आई भजन अर्धं टाकून घरी आली. मी तिच्या अंगठ्याची पट्टी बदलायला कापूस काढत होते.

"डब्यांमुळे गेलं का सगळं?"

मी म्हटलं, तसं नाही, बऱ्याच गोष्टी असतात.

"डबे मीच दिले ना?"

मी कापूस उलगडत राहिले. तिने पाय माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "म्हणजे हेही माझ्यामुळेच." आवाजात रड नव्हती. भाजीत मीठ जास्त पडलं की बोलायची तसंच बोलली. मी तिला पुष्कळ समजावलं. सरांनी काय म्हटलं तेही सांगितलं, की चूक आमची होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पट्टी घट्ट बांध म्हणाली. दुसऱ्या दिवशी माळ्यावरचे डबे तिने भंगारवाल्याला देऊन टाकले. त्यानंतर माझ्या कामाबद्दल तिने कधी विचारलं नाही. भजनाला जाणंही हळूहळू सुटलं, पायाचं निमित्त होतंच.

अंगठा काळा पडला तेव्हा तिला मोठ्या रुग्णालयात न्यावं लागलं. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी एक तरुण डॉक्टर माहिती घ्यायला आले. मुलगा चांगला होता. खुर्ची ओढून बसला, "काकू, दुखतंय का फार?" असं विचारलं. इतक्या वर्षांत आईशी इतक्या नीट बोललेला तो पहिलाच डॉक्टर असावा. किती वर्षं साखर आहे, कुठल्या गोळ्या, घरात आणखी कुणाला आहे का, असं तो एकेक विचारत गेला आणि लिहीत गेला. मग त्याने विचारलं, "गोड वगैरे खाण्यात असतं का?"

मला बरं वाटलं. या मुलाला तरी खरं कळेल, असं वाटलं.

"हो," आई म्हणाली. "फार. मला राहवतच नाही."

मी म्हणाले, "नाही हो डॉक्टर, ती काहीच खात नाही. साखर लागल्यापासून गोडाला शिवलेली नाही."

डॉक्टर पेन थांबवून आमच्या दोघींकडे बघू लागला. आईने माझ्याकडे पाहिलं नाही. पायावरची चादर नीट करत ती त्याला म्हणाली, "लिहा तुम्ही. तिला काय माहीत? ती दिवसभर लॅबमध्ये असते."